एकूण वजन मर्यादेत असूनही ट्रक ओव्हरलोड कसा ठरतो: एक्सलभार, ट्रेलर आणि मापांच्या कायदेशीर मर्यादा

प्रश्न असा आहे: दहा चाकी ट्रकचे वजनकाट्यावरील एकूण वजन आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंदलेल्या मर्यादेच्या आत होते, काटापावतीही सोबत होती, तरीही वाटेतल्या तपासणीत मागच्या जोड एक्सलवर (चाकांच्या जवळजवळ असलेल्या दोन आसांवर) जादा भार असल्याचा आक्षेप आला आणि माल पुढे सरकवावा लागला. हे नियमाला धरून आहे का, आणि ट्रक व ट्रेलरच्या वजनाच्या आणि मापांच्या मर्यादा नेमक्या काय आहेत?

आक्षेप नियमाला धरून आहे. मालवाहतुकीच्या व्यवसायात ‘पासिंग (आरसीवर मंजूर असलेले एकूण वजन) किती टनाचे’ एवढे एकच विचारण्याची सवय लागलेली आहे, आणि त्यामुळे कायद्याने एका गाडीवर एकाच वेळी घातलेल्या अनेक मर्यादांपैकी एकच सर्वांच्या लक्षात राहते. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५८ नुसार केंद्र सरकार टायरची संख्या, प्रकार आणि आकार लक्षात घेऊन प्रत्येक प्रकारच्या एक्सलसाठी कमाल सुरक्षित भार अधिसूचनेने ठरवते, आणि याच कलमानुसार नोंदणी करताना गाडीचे रिकामे वजन व एकूण भारित वजन यांच्याबरोबर निरनिराळ्या एक्सलचे भारही नोंदवायचे असतात. एकूण वजनाची मर्यादा म्हणजे मुळात एक्सलभारांची बेरीज आहे. बेरीज बरोबर आली म्हणून तिच्यातला प्रत्येक आकडा बरोबर आहे असे होत नाही, आणि रस्ता, पूल, टायर व ब्रेक यांना बेरीज जाणवतच नाही. त्यांना जाणवतो तो त्या त्या एक्सलचा भार.

सध्याचे आकडे जुलै २०१८ च्या अधिसूचनेतून आले आहेत. त्याआधी १९९६ ची मर्यादा लागू होती. चार टायरच्या एकेरी एक्सलला पूर्वी १०.२ टन मुभा होती, ती ११.५ टन झाली. मागच्या जोड एक्सलला १९ टनांऐवजी २१ टन, आणि तिहेरी एक्सलला २४ टनांऐवजी २७ टन मिळाले. पुढच्या दोन टायरच्या एक्सललाही ६ टनांऐवजी ७ टन मिळाले, आणि दोन एक्सलच्या सहा चाकी ट्रकचे एकूण वजन त्यामुळे १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. सांगाडा एकच असलेल्या ट्रकला कितीही एक्सल लावले तरी ४९ टनांची, आणि ट्रेलर जोडलेल्या गाडीला ५५ टनांची कमाल मर्यादा आहे; अवाढव्य माल वाहणारे, अनेक एक्सलचे मॉड्युलर हायड्रॉलिक ट्रेलर या मर्यादेतून वगळले आहेत. मात्र अधिसूचनेतला आकडा वाढला म्हणून उभ्या गाडीचे पासिंग आपोआप वाढत नाही. रस्त्यावर चालतो तो आरसीवरचा आकडा. कलम ११३ ची भाषा स्पष्ट आहे: नोंदणी प्रमाणपत्रात दिलेल्या एकूण वजनापेक्षा जास्त भार घेऊन गाडी चालवता येत नाही. जुन्या गाडीच्या आरसीत दुरुस्ती झालेली नसेल, तर त्या गाडीला जुनाच आकडा लागू आहे असे समजून माल भरावा.

या आकड्यांमध्ये एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. एकेरी एक्सलला ११.५ टन, तर जोड एक्सलला त्याची दुप्पट, म्हणजे २३ टन, का नाहीत? आणि तिहेरी एक्सलला साडेचौतीस टनांऐवजी २७ टनच का? कारण जवळजवळ असलेले एक्सल रस्त्याच्या आणि पुलाच्या त्याच भागावर जवळपास एकाच वेळी भार टाकतात. लहान गाळ्याच्या मोरीवर तिन्ही एक्सल एकदम उभे असतात. त्यामुळे एक्सल वाढतील तसा दर एक्सलमागचा वाटा ११.५ वरून १०.५ वर आणि पुढे ९ टनांवर आणलेला आहे. हे आकडे मनमानी आहेत असा समज मी अनेकदा ऐकला आहे. तो खरा नाही.

रस्त्याच्या झिजेचे गणित तर याहून कठोर आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ठरावीक वजनाचे ट्रक सतत फिरवून मोठी चाचणी घेण्यात आली, आणि तिच्यातून असे दिसले की रस्त्याची हानी साधारणपणे एक्सलभाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार दुप्पट झाला तर हानी सोळापट होते. भार फक्त २० टक्क्यांनी वाढला तरी हानी दुपटीच्या थोडी वर जाते. ‘थोडेच जास्त आहे’ हे वाक्य वाहतुकीत सहज बोलले जाते, पण रस्त्याच्या बाबतीत ते थोडे कधीच थोडे नसते. २०१८ ची वाढसुद्धा या हिशेबातून सुटत नाही: १०.२ टनांचा एक्सल ११.५ टनांचा झाला, म्हणजे भार सुमारे १३ टक्क्यांनी वाढला आणि त्या एक्सलची रस्त्यावरची झीज सुमारे १.६ पट झाली. वाहतूकदाराला जी सवलत मिळाली तिची किंमत रस्ते आधीच मोजत आहेत. म्हणून नव्या मर्यादेच्याही वर जाणाऱ्यांची बाजू घेणे मला शक्य वाटत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा तीन एक्सलच्या ट्रकच्या आरसीवर एकूण वजन २८ टन आहे, त्यात पुढच्या एक्सलला ७ टन आणि मागच्या जोड एक्सलला २१ टन. रिकामी गाडी साडेनऊ टनांची आहे. त्यातले साडेचार टन पुढे आणि पाच टन मागे पडतात. पुढच्या एक्सलपासून मागच्या जोडीच्या मध्यापर्यंतचे अंतर पाच मीटर आहे. मालासाठी साडेअठरा टन उरतात, त्यांपैकी अडीच टन पुढच्या एक्सलवर आणि सोळा टन मागे गेले तरच सगळे आकडे जुळतात. यासाठी मालाचा गुरुत्वमध्य मागच्या जोडीच्या मध्यापासून सुमारे ६८ सेंटिमीटर पुढे असावा लागतो. हाच माल थोडा मागे बसला आणि गुरुत्वमध्य ६८ ऐवजी ३० सेंटिमीटर पुढे राहिला, तर पुढच्या एक्सलवर मालाचा जेमतेम १.१ टन जातो आणि मागच्या जोडीवर गाडीच्या वजनासह सुमारे २२.४ टन येतात. काटा २८ टनच दाखवतो, काटापावती निर्दोष असते, आणि मागची जोडी जवळपास १.४ टनांनी ओव्हरलोड असते. एवढ्याने त्या जोडीमुळे होणारी रस्त्याची झीज सुमारे २९ टक्क्यांनी वाढते. प्रश्नातल्या ट्रकचे नेमके हेच झाले असणार. फरक पडला तो हातभर अंतराचा.

उलट चूकही तितकीच वाईट आहे. पोलादी कॉइल, यंत्राचे सुटे भाग, संगमरवरी लाद्या असा आटोपशीर पण जड माल ‘पुढे घट्ट बसतो’ म्हणून केबिनला टेकवून ठेवला, आणि गुरुत्वमध्य दीड मीटर पुढे गेला, तर याच ट्रकच्या पुढच्या एक्सलवर १० टनांहून अधिक भार येतो, म्हणजे मर्यादेपेक्षा तीन टन जास्त. पुढे दोनच टायर आहेत आणि स्टिअरिंगही तिथेच आहे. अशा गाडीचा पुढचा टायर उताराच्या वळणावर फुटला तर चालकाच्या हातात फारसे काही उरत नाही. भार फार मागे असेल तर पुढची चाके हलकी पडतात, ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग वळते पण गाडी वळत नाही. त्यामुळे जड आणि आखूड माल कुठे ठेवायचा हे हौद्याची लांबी पाहून ठरवू नये. एक्सलचा हिशेब करून ठरवावे.

याच्याशी जोडलेली आणखी एक अडचण आहे, जिचा विचार माल पाठवणारे सहसा करत नाहीत. एकाच गाडीत दोन-तीन ठिकाणचा माल असतो आणि तो मागच्या फाळक्याकडून उतरवला जातो. वरच्याच ट्रकमध्ये साडेसहा मीटरच्या हौद्यात माल सारखा पसरलेला आहे असे समजा. पहिल्या ठिकाणी मागचा अर्धा माल उतरला की गाडीत सव्वानऊ टनच उरतात, पण ते सगळे हौद्याच्या पुढच्या भागात असतात. त्यांचा गुरुत्वमध्य मागच्या जोडीपासून सुमारे २.३ मीटर पुढे जातो, आणि पुढच्या एक्सलवर साधारण पावणेनऊ टन भार येतो. पूर्ण भरलेली असताना जी गाडी कायदेशीर होती, ती अर्धी रिकामी झाल्यावर पुढच्या एक्सलवर ओव्हरलोड होते. यावर उपाय एकच: पहिल्या थांब्यावर उरलेला माल मागे सरकवून घेणे, किंवा भरतानाच तो तसा लावणे की दोन्ही वेळा हिशेब बसेल. यासाठी लागणारा वेळ भाड्याच्या बोलणीतच धरायला हवा. चालकाने तो फुकट द्यावा ही अपेक्षा चुकीची आहे.

ट्रेलरच्या बाबतीत तत्त्व तेच, पण भाराची वाट वेगळी. सेमी-ट्रेलरच्या मालाचा एक हिस्सा ट्रेलरच्या स्वतःच्या एक्सलवर जातो आणि दुसरा किंगपिनमधून (ट्रेलर जोडणाऱ्या खुंटीतून) पुढे ओढणाऱ्या घोड्यावर, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीवर. पुढे ७, घोड्याच्या जोड एक्सलवर २१ आणि ट्रेलरच्या तिहेरी एक्सलवर २७ अशी बेरीज केली की बरोबर ५५ टन होतात. घोड्याला मागे एकच एक्सल असेल तर तीच बेरीज साडेपंचेचाळीस टनांवर थांबते, मग ट्रेलर कितीही दणकट असो. कायद्याच्या दृष्टीने ट्रेलरची नोंदणी स्वतंत्र असते, त्याची आरसी वेगळी असते, आणि तपासणीत दोन्ही आरसी एकत्र वाचल्या जातात. कंटेनरमध्ये आणखी एक गुंता असतो: माल कुणी, कसा रचला हे वाहतूकदाराने पाहिलेलेच नसते. निर्यातीच्या कंटेनरसाठी १ जुलै २०१६ पासून सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पडताळलेले एकूण वजन द्यावे लागते, आणि ही फार चांगली सुधारणा आहे. पण ते प्रमाणपत्र वजन किती एवढेच सांगते, ते कंटेनरच्या कोणत्या टोकाला आहे हे सांगत नाही. वीस फुटी जड कंटेनर चाळीस फुटी ट्रेलरवर अगदी मागे ठेवला तर ट्रेलरचे एक्सल दबतात आणि घोड्याच्या चाकांची पकड कमी होते. तो कुठे ठेवायचा हे क्रेनचालकाच्या सोयीवर सोडू नये.

मापांच्या मर्यादा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९३ मध्ये आहेत, आणि जून २०२० मध्ये त्यांत मोठी दुरुस्ती झाली. रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. एकसंध सांगाड्याच्या ट्रकची लांबी १२ मीटरपर्यंत आणि सेमी-ट्रेलर जोडलेल्या गाडीची १८.७५ मीटरपर्यंत असू शकते. मालवाहू ट्रकची उंची ४ मीटरपर्यंत, कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरची ४.५२ मीटरपर्यंत. कंटेनरसाठी वेगळा आकडा का, हे साध्या बेरजेतून कळते: नेहमीचा कंटेनर २.५९ मीटर उंच असतो आणि हाय-क्यूब कंटेनर सुमारे २.९ मीटर, ट्रेलरचा पाट जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास असला तर हाय-क्यूब कंटेनर ४.४ मीटरला पोचतो. राष्ट्रीय महामार्गांवरचे नवे उड्डाणपूल साधारणपणे ५.५ मीटर मोकळी उंची ठेवून बांधले जातात, पण जुने रेल्वेपूल, गावातल्या वीजतारा आणि विद्युतीकृत रेल्वे फाटकांवरच्या लोखंडी कमानी त्या हिशेबाने उभ्या नाहीत. कागदावर कायदेशीर असलेली उंची प्रत्येक वाटेवर मावतेच असे नाही. वाट आधी पाहून ठेवणे हा उंच माल वाहणाऱ्याच्या कामाचाच भाग आहे.

मागे लटकणारा माल हा विषय मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातून जाणारे जीव अगदी टाळता येण्यासारखे असतात. पूर्वी माल गाडीच्या मागे एक मीटरपर्यंत बाहेर काढण्याची मुभा होती. लोखंडी सळया, पाइप, बांबू घेऊन उभ्या किंवा हळू चालणाऱ्या ट्रकवर रात्री मागून येणारी गाडी आदळली की त्या सळया सरळ काचेतून आत जात. २०१४ मध्ये ही मुभा काढून टाकण्यात आली. आज नियम असा आहे की माल बाजूने, पुढून किंवा मागून गाडीच्या बाहेर येता कामा नये. लाल फडके बांधले की चालते, हा समज अजूनही जागोजाग ऐकू येतो आणि तो पूर्ण चुकीचा आहे. लांब माल असेल तर लांब गाडी लावावी, किंवा माल उत्पादकाकडूनच कापून अथवा वाकवून घ्यावा.

ट्रान्सफॉर्मर, पुलाचे गर्डर, पवनचक्कीचे पाते असा न तोडता येणारा माल मर्यादेत बसतच नाही. त्यासाठी ओडीसीची (मर्यादेपेक्षा मोठ्या मापाच्या मालाची) स्वतंत्र परवानगी लागते, आणि ती ठरलेली गाडी, ठरलेला माल व ठरलेला मार्ग यांच्यापुरतीच असते. जड मालासाठी मार्गावरच्या पुलांची क्षमता तपासली जाते. पुलावरून गाडी एकटी, मधोमध, अगदी संथ गतीने आणि ब्रेक न मारता न्यावी अशा अटी घातल्या जातात, कारण ब्रेकचा धक्का पुलावर वजनाहून वेगळा आडवा जोर टाकतो. ही सोय सुट्या होणाऱ्या मालासाठी नाही. वाळू, सिमेंट किंवा धान्याची पोती दोन फेऱ्यांत नेता येतात, म्हणून त्यांना ही परवानगी मागताच येत नाही.

तपासणी आणि दंडाबद्दल थोडक्यात. कलम ११४ नुसार अधिकृत अधिकारी गाडीच्या पुढच्या मार्गावर दहा किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामापासून वीस किलोमीटरच्या आत असलेल्या काट्यावर गाडी न्यायला सांगू शकतो, आणि जादा वजन आढळल्यास ते चालकाच्या जबाबदारीवर उतरवण्याचा लेखी आदेश देऊ शकतो. १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यातील कलम १९४ नुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि त्यावर दर जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवण्याचा खर्च वेगळा. मालाने मापाची मर्यादा ओलांडली तर २०,००० रुपये. गाडी थांबवायला किंवा वजन करायला नकार दिला, अथवा वजनाआधीच माल काढला, तर ४०,००० रुपये. दंडाहूनही महत्त्वाचे म्हणजे दंड भरला की गाडी तशीच पुढे नेता येते हा समज चुकीचा आहे. काही राज्यांनी पूर्वी आगाऊ पैसे घेऊन जादा भाराला एक प्रकारे वाटच करून दिली होती. परमजित भसीन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती बंद केली, आणि तडजोडीची रक्कम भरली तरी जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येणार नाही हे स्पष्ट केले. आता कायद्यातच तसे लिहिलेले आहे.

जबाबदारी फक्त चालकाची नसते. दंडाचे कलम गाडी चालवणाऱ्याबरोबरच ती तशी चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही लागू होते, आणि चालक मालक नसेल तर गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा आदेशाने झाला असे न्यायालय गृहीत धरू शकते. मालवाहकांसाठी असलेल्या २००७ च्या कायद्यातही आरसीवरील एकूण वजनापेक्षा जास्त माल न भरण्याचे बंधन आहे. तरीही रस्त्यावर प्रत्यक्ष उभा राहतो तो चालक, आणि भरण्याच्या जागी ज्याला सर्वांत कमी बोलू दिले जाते तोही चालकच. माल कसा लागला याबद्दल चालकाने हरकत घेतली तर भरणे थांबलेच पाहिजे, असा नियम प्रत्येक गोदामाने करावा असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्त्याने करायचे काम फारसे अवघड नाही. आधी रिकामी गाडी, टाकी भरून आणि चालक-क्लीनर बसवून, काट्यावर न्यावी; एकदा फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून वजन घ्यावे, मग पूर्ण गाडीचे, आणि वजाबाकीने मागचा भार काढावा. काट्याचा पाट आणि बाहेरची जमीन एका पातळीत हवी आणि ब्रेक सोडलेला हवा, नाहीतर एक्सलचा आकडा फसवतो. आरसीवरचे रिकामे वजन जुने असू शकते: वाढवलेल्या फळ्या, जादा पत्रे, पेटी, दुसरे स्टेपनी टायर, चारशे लिटर डिझेलचे जवळपास ३३० किलो, हे सगळे मालाच्या वाट्यातूनच जाते. पावसात भिजलेली ताडपत्री आणि ओली वाळूही त्यात धरावी. मग पुढच्या एक्सलला आणखी किती भार पेलता येतो तो आकडा घ्यावा, त्याला पुढच्या एक्सलपासून मागच्या जोडीच्या मध्यापर्यंत टेपने मोजलेल्या अंतराने गुणावे आणि मालाच्या वजनाने भागावे. जे उत्तर येईल तितके मीटर मागच्या जोडीच्या मध्यापासून पुढे मालाचा गुरुत्वमध्य यायला हवा. हौद्याच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर त्या जागी रंगाने उभी रेघ मारून घ्यावी, म्हणजे कॉइल किंवा यंत्र ठेवताना कुणालाही पुन्हा गणित करावे लागणार नाही. ही रेघ पूर्ण भारासाठी असते. बॉडीत बदल केला, टायरचा आकार बदलला किंवा लिफ्ट एक्सल (गरज नसताना वर उचलता येणारा एक्सल) बसवला, तर आधी आरसीत त्याची नोंद करून घ्यावी, आणि गाडी एक्सलवार पुन्हा तोलून रेघ नव्याने काढावी.